इंटरकूलरच्या नावाखाली ८८,५०० रुपये गेले. टर्बो गाडीवाल्यांनो, वाचा

परवा मला फसवणाऱ्या त्या वर्कशॉपवरून जाताना पुन्हा एक जुनी ऑक्टाव्हिया उभी दिसली, बंपर उतरवलेली. मी गाडी थांबवून आत गेलो. मालक नव्हता, गाडीवाला पोरगा होता, पंचविशीतला. त्याने मोबाईलवर 'त्याच्या' किटचा फोटो दाखवला. तीच पेटी, मागे तीच फुटलेली निळी फरशी. हाच फोटो मला फेब्रुवारीत आला होता. पोराचे ४०,००० भरून झाले आहेत. चार महिने लाजेने गप्प बसलो होतो, आता लिहितोय.

माझी २००५ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, १५० हॉर्सपॉवर. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीत आहे, कंपनीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणारा रेडिएटरसारखा भाग, उजव्या चाकापुढे, बंपरच्या कोपऱ्यात दडलेला असतो, जेमतेम पुस्तकांच्या दप्तराएवढा. तिथे वारा मिळतो तो थोडाच. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती थंड झाली नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडीची ताकद मरते. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरला हे पायाखाली कळतं. म्हणून मला पुढे, जाळीच्या मागे बसणारा मोठा कोअर, म्हणजे इंटरकूलरचा मुख्य जाळीदार ठोकळा, हवा होता. हौस म्हणा, पण अडाणीपणाने केलेली नव्हती. दोन महिने वाचलं, तीन जणांना विचारलं. हा वर्कशॉपवाला आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी सांगितला होता, त्याच्याकडे उभ्या गाड्याही चांगल्या होत्या.

कोटेशन ८८,५००. त्यात किट ६४,०००, पाईप आणि सिलिकॉन होज ११,५००, मजुरी १३,०००. बुकिंगचे २०,००० यूपीआयने दिले. तीन आठवड्यांनी 'माल कस्टम्समध्ये अडकलाय दादा, आज भरले तर उद्या सुटेल' म्हणून ४५,०००. उरलेले २३,५०० गाडी घेताना रोख. बिल मागितलं तर म्हणाला, बिल पाहिजे तर जीएसटी वर लागेल. मी नको म्हटलं. हे माझं चुकलं, लपवत नाही. पण बिलाशिवाय काम करणाऱ्या प्रत्येकाने असं लुटावं का?

आता ती शनिवारची संध्याकाळ. टेबलावर कोअर ठेवला होता आणि मी पोचायच्या आधीच पेटी उघडलेली होती. मी तो उचलला, एका हाताने. बार-अँड-प्लेटचा, म्हणजे पट्ट्या आणि पत्रे थरावर थर जोडून केलेला कोअर एवढा हलका नसतो, हे मीच दोन महिने लोकांना सांगत होतो. कंपनीच्या नावाचा स्टिकर होता, त्याच्या खाली हवेचा फुगा आणि एक कोपरा सुटलेला. मी नखाने तो कोपरा उचलला. खाली रंग अजून चिकट होता. बोटाला काळं लागलं. ते मी पँटला पुसलं आणि विचारलं, 'सिरीयल नंबर कुठंय?' तो म्हणाला, 'इम्पोर्टमध्ये पेटी बदलतात, कार्डं तिकडेच राहतात.' आणि मी मान हलवली.

का हलवली? ६५,००० त्याच्याकडे होते, गाडीचं नाक उघडं पडलं होतं, चार पोरं बघत उभी होती. 'हा माल खोटा आहे' हे तिथे म्हणायला जीभ उचलली नाही. रात्री बायकोने विचारलं, 'झालं का काम?' मी म्हटलं, 'झालं.' काळं बोट मात्र साबणाने दोनदा धुतलं.

मंगळवारी गाडी मिळाली. बंपर लावून, पुसून, चकाचक. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड १७७०५, म्हणजे टर्बो ते थ्रॉटलच्या मध्ये कुठेतरी दाब गळतोय. ॲव्हरेज पडला, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी. फोन केला तर 'सेटल व्हायला वेळ लागतो'. नंतर फोन उचलणंच बंद.

दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बंपर काढला आणि काही न बोलता मला बोलावलं. आतला लोखंडी बीम, टक्कर झाली तर जो आपला जीव वाचवतो तो, ग्राइंडरने मधोमध अर्धा कापला होता. कोअर बसावा म्हणून. मला विचारलंही नव्हतं. त्या गाडीत माझी मुलगी पुढच्या सीटवर बसते. पैशांपेक्षा हा राग मोठा आहे आणि तो जाणार नाही. कोअरच्या तोंडातून टॉर्च मारला तर नळ्या आतून रिकाम्या. हवेची उष्णता शोषायला आत जी बारीक जाळी लागते ती नाहीच. पाईप जोडणारे दोन कपलर फाटलेले, क्लॅम्प साधे पाण्याच्या पाइपचे. आणि माझा मूळ इंटरकूलर? 'भंगारात गेला.' धडधडीत खोटं. जुन्या गाडीचा असा भाग विकला जातो.

परत जुनं बसवायला बीम ७,८००, सेकंडहँड इंटरकूलर ६,५००, होज ४,२००, मजुरी ५,५००. म्हणजे आणखी २४,०००. एकूण १,१२,५००.

जुना पार्ट डिकीत आल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका. कोअर वजनकाट्यावर ठेवा, टॉर्च मारा. बंपर लावायच्या आधी तुम्ही हजर पाहिजे, तुमच्यासमोर हवा भरून लीक टेस्ट झाली पाहिजे.

आता पोलीस चौकी. पहिल्या ठिकाणी म्हणाले, वर्कशॉप आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पैसे तुम्ही राहता तिथून गेले, तिकडे जा. तिसऱ्या खेपेला एकाने विचारलं, 'इंटरकूलर म्हणजे एसीचा पार्ट का?' मी समजावलं. तो म्हणाला, 'पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हे सिव्हिल मॅटर.' अर्जावर मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहिलं होतं, जुनं ४२० आता तेच. मूळ पार्ट परस्पर विकला म्हणून विश्वासघाताचं ३१६ सुद्धा. त्याने वाचलं आणि विचारलं, 'वकील आहात का?' मग साहेब आले. ते म्हणाले, गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, तक्रार घेतली तर आधी तुमच्यावरच येईल. म्हणजे लुटला गेलो मी आणि धमकीही मलाच! कलम ५२ मला माहीत आहे. माझ्या चुकीचा दंड मी भरेन. पण खोटा स्टिकर चिकटवून ६४,००० घेणं त्याने माफ होतं का? एफआयआर नाहीच झाली. आवक शिक्का मिळाला, तोही भांडून. बँकेने सांगितलं, पेमेंट तुम्हीच मंजूर केलंय. एका हेल्पलाइनवर समोरच्याचा जीएसटी नंबर मागितला. नंबर असता तर तो चोर कशाला झाला असता? तक्रार 'बंद' असा मेसेज आला, कोणी परत फोनही केला नाही. अकरा फेऱ्या, तीन रजा.

चॅट डिलीट करू नका. रोख दिलेत तर लगेच व्हॉट्सॲपवर लिहा, 'आज २३,५०० रोख दिले', आणि त्याचं 'हो' घ्या. माझ्याकडे ते 'हो' आहे, तेवढ्यावरच पुढचं उभं आहे. कस्टम्समध्ये माल अडकला म्हणून कोणी पैसे मागितले तर एकच म्हणा, कागद दाखव.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय. त्या पोराला उरलेले पैसे देऊ नकोस म्हणालो आहे, माझा नंबरही दिलाय.

तो कोअर मी फेकलेला नाही. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय, अर्धा सुटलेला स्टिकर तसाच आहे. तारीख लागली की तो घेऊन जाणार.