कॉटेजचे पैसे भरण्याआधी: स्कॉटलंडमध्ये आम्ही कसे फसलो

आम्ही मँचेस्टरला राहतो. 2025 च्या जुलैमध्ये आई-बाबा मालवणहून आले होते. बाबांचा जन्म सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर गेला, म्हणून त्यांना इथला समुद्रकाठचा किल्ला दाखवायचा हे मी आधीच ठरवलं होतं. निघायचं शनिवारी 5 तारखेला आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. आईचा उपवास, त्यात बाहेरचं ती एरवीही खात नाही. त्यामुळे हॉटेल नको, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं कॉटेज हवं होतं. साबुदाणा, वरीचे तांदूळ, दाण्याचं कूट तिने घरूनच आणलं होतं.

एअरशरच्या किनाऱ्यावरचा कलेन किल्ला निवडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट अ‍ॅडमने तो कड्यावर बांधला. 1945 मध्ये केनेडी घराण्याने तो नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिला आणि वरच्या मजल्यावरची जागा दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती आयझेनहॉवर यांना हयातभर वापरायला मिळाली. नावाच्या स्पेलिंगमध्ये मधोमध झेड आहे, पण त्याचा उच्चार होत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. कॉटेजचा मालक म्हणून माझ्याशी फोनवर बोलणारा माणूसही दर वेळी ‘कुल्झीन’ म्हणत होता. तिथला माणूस असं कधीच म्हणणार नाही.

अशा किल्ल्यांच्या इस्टेटींवर, म्हणजे भोवतालच्या जमिनीवर, माळी, दरवान, घोडेवाले यांची जुनी घरं दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देतात. त्यामुळे ‘किल्ल्याच्या इस्टेटवरचं कॉटेज’ या जाहिरातीवर संशय येत नाही. जुलैत स्कॉटलंडच्या शाळांना सुट्टी असते, चांगल्या जागा कधीच्या भरलेल्या असतात. आम्हाला मात्र पाच रात्रींसाठी रिकामं घर मिळालं, 1,140 पौंडांत. फोटोत दगडी भिंत, खिडकीत निळी किटली, मागे समुद्र. आईने तो फोटो मोठा करून शेगडी किती चुलींची आहे ते मोजलं होतं.

पैसे भरताना काय झालं ते नीट सांगते, कारण फसवणूक तिथेच झाली. कार्डने भरते म्हटलं तर तो म्हणाला, मशीन बंद आहे, बँक ट्रान्सफर करा, दहा टक्के कमी करतो. पुढे आपणहून म्हणाला, ‘खातं साफसफाई बघणाऱ्या कंपनीच्या नावावर आहे. नाव जुळत नाही असं बँक म्हणेल, तुम्ही पुढे जा.’ आणि खरंच अ‍ॅपवर इशारा आला: या खात्याचं नाव जुळत नाही, पैसे फसवणुकीत जाऊ शकतात. त्याने आधीच सांगून ठेवल्यामुळे तो इशाराच मला त्याच्या खरेपणाचा पुरावा वाटला. मी पुढे जा दाबलं.

बाबांनी बुकिंगची प्रिंट पासपोर्टांच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. किल्ल्याच्या प्रवेशद्वारावरच्या मुलीने ती दोनदा वाचली. या नावाचं कॉटेज आमच्याकडे भाड्याने दिलं जात नाही, असं ती हळू आवाजात म्हणाली. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, जवळपासच्या जागांना फोन लावले. बाबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्या क्षणाचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

रात्री एअर नावाच्या जवळच्या गावात एका घरात खोली मिळाली. मालकीणबाईंनी एकादशीला त्यांचं स्वयंपाकघर वापरू दिलं, म्हणून आईची खिचडी झाली.

गाडीतूनच मी 159 ला फोन केला. तिथून बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. 7 ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीचे पैसे बँकांना परत द्यावे लागतात, 85,000 पौंडांपर्यंत. इशारा डावलला म्हणून मला बरेच प्रश्न विचारले, पण नियमाने कापता येणारे 100 पौंड वगळून बाकीचे मिळाले. हे संरक्षण ब्रिटनमधल्या दोन खात्यांमधल्या व्यवहारालाच आहे. पुण्या-मुंबईहून कोणी परदेशी पैसे पाठवले तर ते लागू नाही, म्हणून भारतातून बुकिंग करणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. ब्रिटिश क्रेडिट कार्डने 100 पौंडांपेक्षा महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतची वस्तू किंवा सेवा घेतली तर 1974 च्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार असते. ज्याला कार्ड नको, त्याला माझे पैसे नकोत.

आणखी एक गोष्ट मी आधी करायला हवी होती. स्कॉटलंडमध्ये सुट्टीसाठी घर भाड्याने द्यायला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचं, लायसन्स लागतं आणि त्याचा नंबर जाहिरातीत द्यावा लागतो. कौन्सिलची यादी सगळ्यांना बघता येते. आमच्या जाहिरातीतही नंबर होता. परतल्यावर शोधला तर तो हायलँडमधल्या भलत्याच घराचा निघाला. कलेन साउथ एअरशरमध्ये येतं. इस्टेटच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून एक फोन केला असता तरी हे उघड झालं असतं.

गेल्या महिन्यात तो फोटो पुन्हा दिसला. तीच दगडी भिंत, तोच समुद्र, किल्ल्याचं नाव मात्र पूर्व किनाऱ्यावरचं. मी तक्रार केली आहे, जाहिरात अजून आहे. खिडकीत निळी किटली दिसली तर पैसे भरू नका.