ड्रायव्हर ४४.५ इंची घ्यावा की ४५.७५ इंची?

माझा मामेभाऊ फोंड्याला असतो. गोल्फ खेळायला लागून त्याला दोन वर्षं झाली आणि आता त्याला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब फटका मारायचा क्लब (काठी), घ्यायचा आहे. गेल्या रविवारी काणकोणला येताना करमल घाटात त्याने विषय काढला, "दादा, कंपनीचा ४५.७५ इंची येतो तो तसाच घेऊ, की ४४.५ करून मागवू?" राजबागचं गोल्फ मैदान आलं तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं. त्याला जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते सगळं इथे लिहितो. हाच प्रश्न मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच.

माझं मत आधीच सांगतो. आठवड्याला एकदा खेळणाऱ्या आणि फेसच्या, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या चेंडूवर आदळणाऱ्या बाजूच्या, मधोमध चेंडू लागण्याची खात्री नसलेल्या माणसाने आखूड घ्यावा. अंतरासाठीसुद्धा आखूडच. हे ऐकून मामेभाऊ थबकला, कारण लांब शाफ्ट (क्लबचा दांडा) म्हणजे लांब फटका हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. माझ्याही मनात बरीच वर्षं तेच होतं.

लांबी वाढली कशी

लाकडी डोक्यांच्या आणि स्टीलच्या शाफ्टच्या काळात ड्रायव्हर साधारण ४३ ते ४३.५ इंचांचा असायचा. स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या वर जातो, त्यामुळे त्याहून लांब केला तर क्लब फिरवणं जड व्हायचं. ग्रॅफाइट आलं आणि शाफ्टचं वजन ५०-६० ग्रॅमवर उतरलं. वजन वाचलं म्हणून कंपन्यांनी लांबी वाढवली. आज दुकानात बहुतेक ड्रायव्हर ४५.५ ते ४६ इंचांच्या दरम्यान मिळतात.

२००० साली टायगर वुड्सने गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे मेजरपैकी, तीन जिंकल्या, आणि त्यातली यूएस ओपन तर १५ फटक्यांनी. तेव्हा त्याच्या हातातला ड्रायव्हर ४३.५ इंचांचा, स्टीलच्या शाफ्टचा होता. याच्या अगदी उलट उदाहरण फिल मिकल्सनचं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कियावा आयलंडला, समुद्राच्या काठावर, वयाच्या ५०व्या वर्षी त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली ती ४७.९ इंची ड्रायव्हर घेऊन. नियमाची कमाल मर्यादा ४८ इंच आहे. वरच्या दर्जाच्या स्पर्धांना ती ४६ पर्यंत खाली आणता येईल असा स्थानिक नियम १ जानेवारी २०२२ पासून उपलब्ध झाला, आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक पीजीए टूरने तो लगेच लागू केला. आपल्या रविवारच्या खेळाला ४८ चीच मर्यादा आहे, तेव्हा नियमाची काळजी दोन्ही पर्यायांत नाही.

ही दोन्ही नावं वाद घालताना लोक हमखास घेतात. मला दोन्हींचा उपयोग मर्यादित वाटतो. दिवसभर सराव करणाऱ्या माणसाचा चेंडू फेसवर कुठे लागतो आणि आपला कुठे लागतो, यात फार अंतर आहे.

अंतराचा हिशोब

लांब शाफ्टने वेग वाढतो, हे खरं आहे. पण किती वाढतो ते कागदावर मांडून पाहा. क्लब एकटा फिरत नसतो, हात आणि क्लब मिळून फिरतात. हाताची लांबी धरली तर खांद्यापासून क्लबच्या डोक्यापर्यंतची त्रिज्या ढोबळमानाने ७० इंच भरते. तिच्यात सव्वा इंच वाढवला तर वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. तुमचा क्लब ताशी ९० मैलांनी येत असेल तर तो ९१.६ मैलांनी येईल. तेही तुम्ही तितक्याच चपळाईने अंग फिरवलंत तर. लांब क्लब फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून प्रत्यक्षात वाढ बहुधा याहून कमीच मिळते. क्लबच्या वेगात ताशी एक मैल वाढला की चेंडू साधारण अडीच यार्ड पुढे जातो, असा अंदाज धरतात. म्हणजे सगळं जमून आलं तर फायदा चार यार्डांचा.

आता दुसरी बाजू. क्लबच्या वेगाचा किती भाग चेंडूला मिळाला, हे सांगणाऱ्या आकड्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त १.५ च्या आसपास पोचतो, आणि चेंडू फेसच्या मध्यापासून सरकला की खाली येतो. समजा आखूड ड्रायव्हरने तुमचा स्मॅश १.४६ आहे. ९० गुणिले १.४६, चेंडूचा वेग ताशी १३१.४ मैल. लांब ड्रायव्हरने चेंडू थोडा हीलकडे (फेसच्या दांड्याकडच्या टोकाला) लागायला लागला आणि स्मॅश १.४२ वर आला, तर ९१.६ गुणिले १.४२ म्हणजे १३०. चार यार्ड मिळण्याऐवजी दोन-तीन यार्ड गेले. फेसवर अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होणं नवशिक्याला काहीच अवघड नाही. शाफ्ट लांब असला की डोकं हातापासून दूर जातं आणि ही चूक अजून सोपी होते.

माझ्या दृष्टीने या प्रश्नाचा कणा हाच आहे. लांबीने मिळणारा वेग थोडा आणि ठरावीक असतो. फटका मधोमध न लागल्याने होणारं नुकसान मात्र मोठं असतं आणि दर फटक्याला बदलतं.

पावडर लावून पाहिलं तेव्हा

मागच्या हिवाळ्यात राजबागला एका सकाळी, वारा सुटायच्या आधी, मी एकाच डोक्यावर आळीपाळीने दोन शाफ्ट लावून मारून पाहिलं. एक ४५.७५, दुसरा ४४.५. प्रत्येक फटक्याआधी फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला, म्हणजे चेंडूचा ठसा स्वच्छ उमटतो. आखूड शाफ्टचे ठसे एका मोठ्या लिंबाएवढ्या जागेत गोळा झाले. लांबचे हीलपासून टोपर्यंत (फेसच्या दुसऱ्या टोकापर्यंत) विखुरले, दोन तर पार खाली कडेला.

आणि तरीही, त्या सकाळचा सगळ्यांत लांब गेलेला चेंडू लांब शाफ्टचाच होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण फसगत इथेच होते. दुकानात किंवा मैदानावर नवा ड्रायव्हर मारून पाहिला की माणूस तो एक चेंडू मनात घेऊन घरी येतो. बाकीचे नऊ विसरतो. मामेभावाला मी सांगितलं की दोन्हींनी वीस-वीस चेंडू मार, आणि त्यांतले वाईट दहा शेजारी शेजारी ठेवून बघ. गुणफलक त्या दहांवर लिहिला जातो.

दिशा, आणि आपला वारा

फेस दिशेपासून ५ अंशांनी सुटला, तर २०० यार्डांवर चेंडू साडेसतरा यार्ड बाजूला जातो. हे नुसतं सरळ रेषेचं झालं. त्यात चेंडूला गिरकी मिळून तो वळला की अजून भर. लांब क्लबचं डोकं चेंडूपाशी वेळेवर बंद करायला अवघड, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा फेस उघडा (उजवीकडे तोंड केलेला) राहतो आणि स्लाइस, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळत जाणं, वाढतो. हीलवर लागलेला चेंडूही उजवीकडेच वळतो.

राजबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तळपण नदी, मध्ये माड. सकाळी मतलई वारे हलके असतात. दुपारी खारे वारे सुटले की त्याच ९ होलांचा स्वभाव पालटतो. समोरून वारा असेल तर चेंडूचं वळण जास्त फुगतं. एरवी रफच्या (वाढलेल्या गवताच्या) कडेला थांबला असता तो चेंडू माडांत जातो. दुपारची फेरी खेळणाऱ्यांनी तरी अचूकतेचं पारडं जड धरावं असं मला कळकळीने वाटतं. ओघाने आलं म्हणून सांगतो, दमट हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते चुकीचं आहे. त्याच तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते.

पावसाळ्यात लांब शाफ्टच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. जूनपासून चवथीपर्यंत जमीन इतकी मऊ असते की चेंडू पडला तिथेच रुततो, घरंगळत नाही. हवेतलं अंतर तेवढंच आपलं. पण त्याच दिवसांत ग्रिप (क्लबची मूठ) ओली, हातमोजा ओला, आणि लांब क्लब ताब्यात ठेवणं दुप्पट कठीण. मी स्वतः पावसात आखूडच वापरतो.

मोबोरच्या रिसॉर्टमधल्या १२ होलांच्या छोट्या मैदानावर ड्रायव्हरचं काम पडत नाही. तुमचा बराचसा खेळ तिथेच होत असेल, तर हे पैसे चांगल्या वेजवर (जवळच्या फटक्यांच्या क्लबवर) घाला.

कापण्याआधी

आता ज्यांना आखूड हवाय त्यांच्यासाठी, कारण चुका इथे जास्त होतात. पहिला आखूड ड्रायव्हर मी स्वतः घरी करवतीने कापला. पुरता एक इंच. दुसऱ्या दिवशी क्लबला डोकंच नाही असं वाटायला लागलं. कुठे आहे ते हाताला कळेना, चेंडू टोवर लागायला लागले. दोन महिने मी स्वतःच्या स्विंगला दोष देत राहिलो. दोष तोलात होता.

ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू देऊन क्लबचा तोल मोजतात, त्याला स्विंगवेट म्हणतात. डी-२, डी-३ असे त्याचे आकडे असतात. लांबी अर्धा इंच कमी केली की स्विंगवेट साधारण ३ अंकांनी उतरतो. एक इंचाला ६. आणि एक अंक परत मिळवायला डोक्यावर २ ग्रॅम लागतात. म्हणजे माझ्या कापलेल्या इंचासाठी १२ ग्रॅम हवे होते. शिशाची चिकटपट्टी तळाला लावली आणि क्लब पुन्हा हातात आला. हल्लीच्या पुष्कळ डोक्यांना स्क्रूचं वजन असतं. ते बदलून जड लावता येतं, पट्टीची गरज पडत नाही. ४५.७५ चा ४४.५ करायचा असेल तर हिशोबाने १५ ग्रॅम होतात. इतके सगळे घालायलाच हवेत असं नाही. आठ-दहा ग्रॅमपासून सुरुवात करा आणि हाताला विचारा.

कापायचं ते ग्रिपच्या बाजूने. डोक्याच्या बाजूने कापलं तर शाफ्ट बराच कडक होतो. ग्रिपकडून कापल्यावर किंचितच. ग्रॅफाइट पाइपकटरने कापू नका, तंतू चिरडले जातात. बारीक दातांचं पातं घ्या, कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. आणि आधी मोजून घ्या. क्लब जमिनीवर ६० अंशांत टेकवून तळापासून ग्रिपच्या माथ्यापर्यंतची लांबी धरतात. उभा धरून टेप लावला तर आकडा चुकतो.

मग लांब कुणी घ्यावा

ज्याचे पावडरचे ठसे लांब शाफ्टनेही एका जागी येतात, त्याने बिनधास्त घ्यावा. त्याला ते चार यार्ड खरोखर मिळतील. ज्याचा स्विंग संथ आणि लयीचा आहे, टोकाला जोर काढायची सवय नाही, अशांना लांब क्लब पेलतो. आमच्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ ४६ इंची वापरतात आणि फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) सोडत नाहीत. वयाने अंगाचा वेग उतरलेल्या माणसाला लांबीचा आधार घ्यावासा वाटला तर त्यात गैर काही नाही, फक्त शाफ्ट हलका हवा.

उंचीवरून मात्र ठरवू नका. उंच माणसाचे हातही लांब असतात, त्यामुळे मनगट जमिनीपासून किती वर आहे यातला फरक उंचीतल्या फरकापेक्षा पुष्कळ कमी निघतो. मामेभाऊ माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे. मनगटापासून जमीन मोजली तर आमच्यात जेमतेम एका इंचाचा फरक.

इथून ड्रायव्हर मागवायचा म्हणजे बहुतेक वेळा ऑनलाइन किंवा मुंबई-बंगळुरूला जाणाऱ्या कुणाच्या हाती. खोक्यातून जी लांबी येते तीच आपण वर्षानुवर्षं चालवतो. म्हणून मामेभावाला मी एकच अट घातली आहे. ४५.७५ चा ड्रायव्हर मागव, पण लगेच कापू नकोस. ग्रिपवर वरून सव्वा इंचावर पांढरी पट्टी चिकटव आणि दोन महिने हात तिच्या खाली ठेवून खेळ. एक रविवार पट्टीखाली, एक रविवार वरती. दोन्ही वेळा पावडर लाव, फेसचा फोटो काढून ठेव. खाली धरल्यावर ग्रिप थोडी बारीक लागते, तोलही कापलेल्या क्लबसारखा तंतोतंत नसतो, पण कौल कळण्यापुरतं हे पुरतं. चवथीनंतर जमीन सुकली की ते फोटो घेऊन बसायचं आमचं ठरलं आहे, आणि करवत माझ्या घरी आहे.