अर्थसी आणि हिज डार्क मटेरियल्स : कोणती मालिका अधिक टिकाऊ?

उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतले पहिले पुस्तक १९६८ साली आले, तर फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही त्रयी १९९५ ते २००० या काळात प्रसिद्ध झाली. दोन्ही मालिकांत अडनिड्या वयाची मुले मृतांच्या देशापर्यंत जाऊन येतात आणि दोन्हींत मोठे होण्याची किंमत रोख मोजावी लागते. मात्र ती किंमत वाचकाच्या गळी उतरवण्याची दोघांची रीत अगदी भिन्न आहे, आणि त्या बाबतीत ल ग्विन मला सरस वाटतात.

ल ग्विन शब्द जपून वापरतात. गाँट बेटावर शेळ्या राखणारा गेड जादूगार ओगियनचा शिष्य होतो, तेव्हा विद्या भराभर पदरात पडेल अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात गुरू त्याला नुसते रानोमाळ हिंडवतात. पाऊस आला, तर कोणत्याही फुटकळ जादूगाराला येणारा ढग पळवण्याचा मंत्रसुद्धा ओगियन उच्चारत नाही. तो एका दाट झाडाखाली निमूट आडवा होतो, आणि झुडपांत भिजत बसलेला गेड मनातल्या मनात धुमसतो, की वापरायचीच नसेल तर ही शक्ती हवी कशाला. पुढे रोक बेटावरच्या शाळेत तो ईर्ष्येपोटी एका मृतात्म्याला बोलावतो, त्या फटीतून एक काळी छाया बाहेर पडते आणि ती फट बुजवताना वृद्ध महागुरूचा प्राण जातो. तेव्हा कुठे त्या पावसाचा अर्थ उमगतो. तो समजावून सांगायला लेखिका मध्ये येत नाही.

पुलमन यांचा हात सढळ आहे. त्यांच्या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने, डीमन म्हणून, त्याच्यासोबत वावरतो. लहानपणी तो सतत रूपे बदलतो आणि वयात येताना एका रूपात स्थिरावतो. पौगंडावस्थेचे याहून नेमके चित्र अद्भुतकथेत माझ्या तरी वाचनात नाही. त्रयीच्या पहिल्या पुस्तकात, ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये, डीमनपासून तोडलेला एक मुलगा नायिका लायराला सापडतो, त्याने डीमनच्या जागी सुक्या माशाचा तुकडा छातीशी कवटाळलेला असतो. मुलगा मरतो, कोणीतरी तो तुकडा कुत्र्यांना घालते आणि लायराचा संताप अनावर होतो. या एका प्रसंगासाठी पुलमन यांना झुकते माप द्यायला हरकत नाही. कथेचा वेग आणि चिलखती अस्वलांसारख्या कल्पना पाहिल्या, तर ल ग्विन त्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत.

घोडे पेंड खाते ते तिसऱ्या पुस्तकात. ‘दि अँबर स्पायग्लास’ला २००१ सालचा व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्कारांतील सर्वोच्च मान मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिलेच बालसाहित्य ठरले, तरीही धर्मसत्तेविरुद्धचा युक्तिवाद येथे कथेच्या मानगुटीवर बसतो आणि काही पात्रे लेखकाची वकिली करू लागतात. (चाकांवर धावणाऱ्या मुलेफा प्राण्यांची प्रकरणे मात्र लांबली तरी हवीहवीशी वाटतात.)

मृतांच्या देशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पुलमन यांची लायरा मृतांना तेथून बाहेर काढते आणि ते मोकळ्या हवेत विरून जातात. प्रसंग भव्य आहे, पण लेखकाचा निष्कर्ष आधीच ठरलेला जाणवतो. ल ग्विन यांनी १९७२ सालच्या पुस्तकात रंगवलेल्या कोरड्या देशात प्रेमापायी मेलेली माणसेही एकमेकांना ओळख न देता रस्त्यांतून चालत राहतात. हे चित्र त्यांनाच पटेनासे झाले असावे, कारण २००१ सालच्या ‘दि अदर विंड’मध्ये जिवंतांच्या जगापासून त्या देशाला वेगळी करणारी भिंत त्यांनी स्वतःच पाडली. त्याआधी १९९० सालच्या ‘तेहानू’मध्ये, रोकच्या विद्येवर पुरुषांचीच मक्तेदारी का, हाही प्रश्न त्यांनी आपल्याच जगाला विचारला होता.

पाने भराभर उलटणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला पुलमन आधी द्यावेत, हे मान्य; अर्थसीची पहिली तीन पुस्तके त्यानंतर लगेच द्यावीत. ‘तेहानू’त मात्र लहान मुलीवर झालेल्या क्रूर अत्याचाराचे संदर्भ असल्याने ते दोन-तीन वर्षे मागे ठेवलेले बरे.