हाताने, रोटरीने, डीएने की स्टुडिओत? गाडीचा रंग घासण्यापूर्वी

दुपारच्या उन्हात गाडीच्या बॉनेटकडे जरा तिरकं उभं राहून बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले, तर ते स्वर्ल मार्क. आपल्याकडे ते रस्त्यावर कमी आणि पार्किंगमध्ये जास्त पडतात. पहाटे एक बादली, एक फडकं आणि सोसायटीतल्या वीस गाड्या; पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीच्या रंगावर घासली जाते. माझ्या गडद निळ्या हॅचबॅकवर सहा वर्षांत असं जाळं साचलं होतं. ते काढण्यासाठी आधी हाताने घासून पाहिलं, मग एका गॅरेजमध्ये रोटरी मशीनने ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं, शेवटी स्वतः डीए पॉलिशर, म्हणजे पॅड फिरवून रंग घासणारं एक हातमशीन, आणला. बहिणीची काळी सेडान डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाडीचा रंग उजळून देणाऱ्या दुकानात, दिली तेव्हा दिवसभर तिथेच बसून काम पाहिलं. म्हणून या चारही वाटांबद्दल लिहितो आहे.

आधी मायक्रॉनचा हिशोब, कारण निवड त्यावरच ठरते. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण 90 ते 140 मायक्रॉन रंग असतो. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे हा थर केसाहूनही पातळ. पॉलिश करताना ओरखडा भरला जात नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवला जातो. जाड कंपाउंडचा, म्हणजे खरखरीत कणांच्या घासायच्या पेस्टचा, एक हात दोन-चार मायक्रॉन सहज घेऊन जातो, फिनिशिंगचा, म्हणजे शेवटच्या बारीक पॉलिशचा, हात त्याहून बराच कमी. खालच्या रंगाला ऊन लागू न देण्याचं काम हाच थर करतो. तो फार झिजला की काही वर्षांनी छपराची आणि बॉनेटची सालं निघू लागतात, आणि मग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही. ही पुंजी एकदाच मिळते. त्यामुळे ‘जास्त चमक कशाने येते’ यापेक्षा ‘माझी चूक झाली तर कोणती पद्धत ती पोटात घालेल’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

नख आडवं फिरवून बघा. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो घासून जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

हात

दाराच्या हँडलमागे नखांनी पडलेले ओरखडे, खांबाला घासून बंपरवर आलेला पांढरा पट्टा, एखादा पक्ष्याच्या विष्ठेचा डाग, एवढ्यासाठी हात पुरतो. मायक्रोफायबरच्या छोट्या पॅडवर थेंबभर कंपाउंड घ्यायचं आणि थोडा वेळ घासायचं. अख्खं बॉनेट मात्र हाताने होत नाही. बोटांचा दाब सारखा पडत नाही, दहा मिनिटांत दंड भरून येतो, आणि क्लिअर कोट तेवढ्याने फारसा हलत नाही. हाताने लावायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये तेल आणि मेण असतं. ते ओरखड्यांत बसतं, गाडी एकदम नवी दिसते, आणि चार-सहा धुण्यांत जाळं परत वर येतं. माझ्याबाबतीत हेच झालं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर स्वर्ल तसेही कमी दिसतात. अशा गाडीला फक्त तुकतुकी हवी असेल, तर एवढंच करा आणि पैसे वाचवा.

रोटरी

गॅरेजमध्ये ‘रबिंग’ म्हणतात ते बहुतेक याच मशीनने होतं. दिसायला ग्राइंडरसारखं, पुढे लोकरीचं पॅड. मोटरचा आस आणि पॅडचा मध्य एकच असल्याने पॅड एका जागी गरगर फिरतं, मिनिटाला हजार ते तीन हजार फेरे. कापण्याची ताकद सगळ्यांत जास्त, आणि उष्णताही. पत्रा ती उष्णता थोडीफार पसरवून घेतो. प्लास्टिकच्या बंपरवर ती जागच्या जागी साचते आणि रंग भाजतो. बॉनेटची धार, दाराची कडा, मडगार्डवरची उठावाची रेघ, इथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे मशीन क्षणभर जास्त रेंगाळलं की खालचा प्रायमर दिसतो.

माझी गाडी दीड तासात करून मिळाली होती. सावलीत सुंदर दिसली. रविवारी उन्हात काढली तर जाळं गेलं होतं, पण त्याच्या जागी सूर्याबरोबर सरकणारे, पाण्यावर तेल पसरावं तसे लांब पट्टे आले होते. यांना होलोग्राम म्हणतात. लोकरीच्या पॅडने एकाच दिशेने कापत गेल्याच्या या खुणा, नंतर बारीक पॅडचा हात न दिल्याने राहिलेल्या.

तरी रोटरीला नावं ठेवून मी थांबणार नाही. नव्याने रंगवलेल्या पॅनेलवर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरचे डाग काढायचे असतात, तेव्हा जाणत्या पेंटरच्या हातातली रोटरी अर्ध्या वेळात काम उरकते. ती विद्या वर्षानुवर्षांची असते. पहिल्यांदाच मशीन हातात घेणाऱ्याने ती स्वतःच्या गाडीवर शिकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

डीए

डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. शाळेच्या भूगोलात परिवलन आणि परिभ्रमण शिकलो ते आठवा. रोटरीत फक्त परिवलन असतं. डीएत पॅड मध्यापासून जरा बाजूला बसवलेलं असतं, त्यामुळे ते एका छोट्या वर्तुळात परिभ्रमणही करतं आणि बेअरिंगवर मोकळेपणाने स्वतःभोवतीही फिरतं. एकाच रेघेत कापणं होत नाही, म्हणून होलोग्रामची भीती फार कमी. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की तुम्ही जास्त दाबलंत किंवा पॅड एका कडेवर कललं, तर स्वतःभोवतीचं फिरणं मंदावतं, थांबतं, आणि नुसती थरथर उरते. जिथे रोटरी रंग कापून टाकेल तिथे डीए हात टेकतो. मी पहिल्याच दिवशी मागच्या मडगार्डच्या उठावावर पॅड तिरकं धरून बसलो होतो. रंगाला काही झालं नाही. नवख्या हाताला हीच गोष्ट हवी असते.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. दोन टप्प्यांचं काम, म्हणजे आधी कंपाउंड आणि मग फिनिशिंग, मला दोन पूर्ण दिवस लागले. स्वस्त मशीनवर तासाभरात बोटांना मुंग्या येतात. आणि पॅड थांबलेलं असताना आपण उगाच घासत बसतो. त्यावर सोपा उपाय आहे: बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतं त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली तर काम चाललंय.

विकत घेताना वॅटपेक्षा ‘थ्रो’ बघा, म्हणजे परिभ्रमणाच्या वर्तुळाचा व्यास. 8 मिमीची मशीनं स्वस्त, पण सावकाश आणि जास्त थरथरणारी. 21 मिमी मोठ्या सपाट पॅनेलवर झपाझप चालतं, एसयूव्हीच्या बॉनेटवर छान, पण वळणांवर लवकर अडतं. आपल्या हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट गाड्यांना वळणं बरीच, त्यांना 15 मिमी बरं. लांब थ्रोची मशीनं इटलीच्या रुपेसने लोकप्रिय केली. आता त्याच धाटणीची स्वस्त मशीनं बरीच मिळतात, आणि वर्षातून एकदा वापरणाऱ्याला ती पुरतात. गिअरने सक्तीने फिरणारे डीएही असतात, जर्मनीच्या फ्लेक्सचे त्यात नावाजलेले. ते वळणावर थांबत नाहीत, म्हणजे चूकही तितकी माफ करत नाहीत. पहिलं मशीन म्हणून ते घेऊ नका.

मशीनपेक्षा पॅड आणि तयारी जास्त ठरवतात. गाडी धुवायची, क्ले, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा, फिरवून चिकटलेले कण काढायचे, काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर मास्किंग टेप लावायचा. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा चौकोन आखून सगळ्यांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशने, सुरुवात करायची. जमलं नाही तरच मधलं पॅड, मग कंपाउंड. पॅडवर चार थेंब, एक नंबरच्या वेगावर पसरवायचं, मग चार-पाचवर न्यायचं. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर, त्याहून जलद नाही. अंगण सारवताना प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवतात, तशा आडव्या आणि मग उभ्या फेऱ्या. मशीनचं वजन आणि वर हाताचा हलका भार, बास. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचं. एका गाडीला कापणारी निदान चार पॅड लागतात. एकाच पॅडवर अख्खी गाडी ओढली की ते तापून त्याचं वेल्क्रो सुटतं.

शेवटी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाण्यात मिसळून ती जागा पुसा. पॉलिशचं तेल निघून गेल्यावर जे दिसतं तेच खरं. मोबाइलच्या टॉर्चने बघा.

एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी, आणि सावलीत. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकून पिठासारखं उडतं. पार्किंगमध्ये प्लग आहे का, तेही आधीच बघा.

स्टुडिओ

बहिणीच्या गाडीवर त्यांनी आधी मीटरने रंगाची जाडी मोजली. मागच्या एका दारावर आकडा 200 मायक्रॉनच्या वर आला, म्हणजे ते दार पूर्वी रंगवलेलं होतं. तिला हे ठाऊक नव्हतं, गाडी सेकंडहँड होती. हे मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, क्लिअर कोटची वेगळी नाही, आणि साधं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरी घासण्याआधी मोजणारा माणूस भेटला की मला विश्वास वाटतो. तुम्हीही स्टुडिओत तीन गोष्टी विचारा: जाडी मोजणार का, चाचणीचा चौकोन दाखवणार का, आणि आयपीएने पुसून गाडी उन्हात दाखवणार का. तिसऱ्याला टाळाटाळ झाली तर उठून या. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराचा, आग्रह तर होईलच. कोटिंग ओरखडे घालवत नाही, ते आहेत तसे खाली झाकतं. खाली नीट करेक्शन, म्हणजे ओरखडे घासून काढणं, झालेलं नसेल तर त्यावर पैसे घालू नका.

मग काय घ्यावं?

बरा डीए साधारण 5 ते 10 हजारांत येतो, पॅड, पॉलिश आणि कापडं मिळून आणखी तीन-चार हजार. स्टुडिओचं करेक्शन छोट्या गाडीला तेवढ्यातच किंवा त्याहून थोडं जास्त जातं, मोठ्या गाडीला दुप्पट. म्हणजे एकाच गाडीसाठी, एकदाच करायचं असेल, तर मशीन घेऊन बचत होत नाही, स्टुडिओत द्या. गाडी वर्षभरात विकायची असेल तर हात आणि मेण पुरे. घरात दोन गाड्या असतील, रंग गडद असेल, आणि शनिवार-रविवार त्यात घालवायला मनापासून आवडत असेल, तर डीए, 15 मिमी. रोटरी धंदा करणाऱ्यासाठी. आणि गाडीवर पॅनेल पुन्हा रंगवलेलं असेल किंवा कुठे सालं निघू लागली असतील, तर यातलं काहीही स्वतः करू नका.

डीए घ्यायचं ठरलं तर मशीन स्वतःच्या गाडीवर चालवायच्या आधी दोन कामं करा. भंगारवाल्याकडून एक जुनं बॉनेट किंवा दार आणा, गडद रंगाचं मिळालं तर उत्तम. त्यावर एक दिवस हात बसवा, मुद्दाम जास्त दाबून, मुद्दाम कडेवर जाऊन. दुसरं, पहाटे गाडी पुसणाऱ्या दादांना कोरडं फडकं मारू नका म्हणून सांगा, त्यांचे महिन्याचे पैसे तसेच ठेवून. त्यांना फक्त काचा आणि चाकं द्या. बाकी गाडी आठवड्यातून एकदा आधी पाण्याचा मारा करून, मग दोन बादल्यांनी, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची, तुम्ही स्वतः धुवा. हे मी करेक्शननंतर चार महिन्यांनी सुरू केलं, आणि त्या चार महिन्यांत माझ्या बॉनेटवर नवी जाळी धरली होती.