ॲक्सेसमध्ये झाड दाखवायचंय: ट्रीव्ह्यू, सबफॉर्म की आत सरकवलेली यादी?

सुट्या भागांची यादी असो, खात्यांचे गट असोत की विभाग-उपविभाग, टेबल बहुधा सारखंच असतं. प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी आणि शेजारी पालकाचा आयडी. सगळ्यात वरच्या ओळीत पालकाची जागा रिकामी. खरी पंचाईत होते ती हे सगळं फॉर्मवर दाखवताना. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये त्यासाठी तीन वाटा आहेत. तिन्ही मी चालून पाहिल्या आहेत आणि माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही: तिसरी वाट लोक उगाच कमी लेखतात.

सबफॉर्मचं आधी उरकतो. पातळ्या किती हे पक्कं ठाऊक असेल आणि त्या दोन किंवा तीनच असतील, तर दुसरं काही शोधू नका. मुख्य फॉर्म, त्यात सबफॉर्म, दोघांना जोडणारी फील्डं सांगितली की काम झालं. कोड जवळजवळ लागत नाही आणि तिथेच टाइप करून बदल करता येतो, ही सोय बाकी दोन्हींत इतकी सहज मिळत नाही. अडचणी दोन. एकात एक असे सात थरच चालतात, आणि कंटिन्युअस फॉर्मच्या (एकाखाली एक नोंदी दाखवणाऱ्या फॉर्मच्या) आत सबफॉर्म बसत नाही. दुसऱ्या अडचणीवर तोड आहे: दोन यादी-फॉर्म शेजारी शेजारी ठेवायचे आणि डावीकडे निवडलेला आयडी एका लपवलेल्या टेक्स्ट बॉक्समधून उजवीकडे पोचवायचा. पण पातळ्यांची संख्या डेटावर ठरत असेल, तर ही वाट तिथेच संपते.

आता ट्रीव्ह्यू, म्हणजे फॉर्मवर झाड दाखवणारा तयार घटक (कंट्रोल). अधिक-उण्याच्या खुणा, फांद्या उघडणं-मिटणं, चित्रं, ओढून दुसरीकडे टाकणं, सगळं तयार मिळतं. दाखवल्याबरोबर ग्राहक खूश होतो आणि फसगत तिथूनच सुरू होते. हा कंट्रोल ॲक्सेसचा स्वतःचा नाही. तो ‘एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स’ या वेगळ्या फाइलमधून येणारा ॲक्टिव्हएक्स, म्हणजे बाहेरून जोडायचा, कंट्रोल आहे, म्हणजे ती फाइल प्रत्येक संगणकावर नीट नोंदलेली हवी. 2012 मध्ये सुरक्षेच्या अपडेटनी ही फाइल बदलली आणि चालू असलेले कितीतरी फॉर्म एका रात्रीत बंद पडले. 64-बिट ऑफिस 2010 मध्ये तर हा कंट्रोल नव्हताच. 64-बिट आवृत्ती बरीच उशिरा आली. माझा एक फॉर्म जुन्या संगणकावर चार वर्षं सुरळीत चालला आणि नवा संगणक आल्यावर झाडाच्या जागी नुसता पांढरा चौकोन उरला. ऑफिस 2019 पासून इन्स्टॉल करताना मुळातच 64-बिट येतं, त्यामुळे ही चौकशी आधीच करा.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. या कंट्रोलची घडण युनिकोड रुळायच्या आधीची आहे, त्यामुळे नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. पहिल्याच दिवशी एक मराठी नाव टाकून पाहा. ॲक्सेसच्या स्वतःच्या टेक्स्ट बॉक्सला आणि लिस्ट बॉक्सला हे दुखणं नाही.

कोडही आपणच लिहायचा. प्रत्येक नोडला, म्हणजे झाडातल्या प्रत्येक नोंदीला, एक ‘की’ (ओळखखूण) द्यावी लागते. ती साऱ्या झाडात एकमेव हवी आणि नुसता आकडा चालत नाही, म्हणून आयडीच्या पुढे एखादं अक्षर जोडतात. बहुतेक जण एक पालक घेतात, त्याची मुलं क्वेरीने आणतात, मग प्रत्येक मुलासाठी तेच पुन्हा. दोनशे नोडना हे खपून जातं. पाच हजारांना म्हणजे पाच हजार क्वेऱ्या, आणि डेटा नेटवर्कवर असेल तर फॉर्म उघडेपर्यंत चहा होतो. उपाय असा: सुरुवातीला फक्त वरची पातळी भरायची, प्रत्येक नोडखाली एक खोटं मूल ठेवायचं आणि फांदी उघडण्याच्या इव्हेंटमध्ये ते काढून खरी मुलं आणायची. मात्र मग खोलवरच्या नोडचा शोध घ्यायचा तर वाटेतल्या सगळ्या फांद्या आधी भराव्या लागतात.

तिसरी वाट, म्हणजे आत सरकवलेली यादी, दिसायला साधी आहे. टेबलात ‘मार्ग’ नावाचं एक टेक्स्ट फील्ड ठेवायचं आणि त्यात मुळापासूनचे आयडी ओळीने लिहायचे: 00001/00014/00203. आकडे शून्यांनी भरून समान लांबीचे करायचे, नाहीतर 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो. मग फक्त ‘मार्ग’वर क्रम लावायचा आणि पातळीनुसार नावापुढे मोकळी जागा सोडायची. कंटिन्युअस फॉर्ममध्ये झाड उभं राहतं. फिल्टर, शोध, छपाई सगळं नेहमीसारखं. 255 अक्षरांच्या फील्डात या पद्धतीने 42 पातळ्या मावतात. त्याहून खोल झाड माझ्या तरी पाहण्यात नाही. एखादी पूर्ण फांदी काढायची तर ‘मार्ग या अक्षरांनी सुरू होतो’ एवढीच अट पुरते. ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये (क्वेरीच्या भाषेत) रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावत पातळी-पातळीने उतरणारी, क्वेरी नाही, त्यामुळे ही सोय लहान नव्हे.

किंमत मोजावी लागते ती फांदी हलवताना: तिच्याखालच्या प्रत्येक ओळीचा मार्ग बदलावा लागतो. एक अपडेट क्वेरी पुरते, पण ती विसरली तर झाड खोटं बोलू लागतं. उघडणं-मिटणं हवं असेल तर ‘उघडी आहे का’ हे हो-नाही फील्ड प्रत्येकाच्या संगणकावरच्या स्थानिक टेबलात ठेवा. सामायिक टेबलात ठेवलंत तर एकाने फांदी मिटली की दुसऱ्याच्या पडद्यावरूनही ती गायब!

गंमत म्हणजे ‘मार्ग’ ट्रीव्ह्यूलाही उपयोगी पडतो. त्यावर क्रम लावला की पालक नेहमी मुलाच्या आधी येतो, म्हणून एकाच क्वेरीत, एकाच फेरीत, रिकर्शनशिवाय झाड भरता येतं. यादीपासून सुरुवात करून पुढे कुणी हट्टच धरला तर कंट्रोल बसवता येतो. उलट दिशेने जाताना बरंच मोडावं लागतं.

डेटा एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर हिशेब थोडा बदलतो. तिथे 2005 च्या आवृत्तीपासून रिकर्सिव्ह क्वेरी आहे. पास-थ्रू क्वेरीतून (जी ॲक्सेस जशीच्या तशी सर्व्हरकडे पाठवतं) ती चालवली की मार्ग जागच्या जागी तयार होतो, साठवायची गरज नाही. 100 पातळ्यांनंतर ती आपोआप थांबून एरर देते. एरवी ही मर्यादा कुणाला आठवतही नाही. पण चुकून आजोबाचा पालक नातू ठरला, म्हणजे डेटात चक्र झालं, तर तीच वाचवते. ॲक्सेसच्या व्हीबीए या कोडभाषेतल्या रिकर्शनला अशी राखण नसते, स्टॅक संपेपर्यंत ते धावतं. म्हणून पालक बदलून सेव्ह करताना नवा पालक आपल्याच वंशातला नाही ना, हे तपासा. ‘मार्ग’ असेल तर ही तपासणी एका ओळीची.

एकच नट दोन यंत्रांत लागत असेल, तर मात्र तुमचा डेटा मुळात झाड नाही. एका ओळीला एकच पालक असं टेबल तिथे पुरत नाही. पालक आणि मूल यांच्या जोड्यांचं वेगळं टेबल लागतं. एका भागाला मग अनेक मार्ग असतात. ट्रीव्ह्यूची एकमेव ‘की’ इथेच अडते: दुसऱ्यांदा तोच भाग आला की एरर. तिथे आयडीऐवजी पूर्ण मार्गालाच ‘की’ करावं लागतं.