पुरानंतर आलेला तो मेसेज

२०२४ च्या जन्माष्टमीला, २६ ऑगस्टला, विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यातल्या आमच्या कारेलीबागेत शिरायला लागलं. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, त्या पुरात ती ३५ च्या वर गेली. आमचं घर तळमजल्यावर. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन खालीच राहिलं, कमरेएवढ्या गढूळ पाण्यात.

शुक्रवारी, ३० तारखेला, वीज आली. फोन चार्ज होतो न होतो तोच मेसेज: पूरग्रस्तांसाठी खास, भिजलेली उपकरणं घरून नेऊन दुरुस्त करून देऊ, ४० टक्के सूट, फक्त आज. वर फ्रिजच्या एका मोठ्या कंपनीचं चिन्ह. मला संशय आला नाही, उलट हायसं वाटलं. सासूबाईंच्या इन्सुलिनच्या कुप्या थर्मासमध्ये होत्या, बर्फ कुठे मिळत नव्हता आणि माझ्या डोक्यात एकच होतं, आज फ्रिज सुरू झाला पाहिजे. इतक्या नेमक्या वेळी कोणी विचारतंय, म्हणजे आपली काळजी असलेलंच कोणीतरी असणार, असं मी धरून चालले.

फोन लावला. बुकिंगचे ५०० रुपये आधी यूपीआयने. तासाभरात टेम्पो घेऊन दोन मुलं आली. 'काकी, चिंता ना करो, गणपती पहेलां बधुं थई जशे,' असं म्हणत त्यांनी सामान चढवलंसुद्धा. सामान टेम्पोत गेल्यावर मग ४,५०० मागितले. तेव्हा नाही म्हणायचं कसं? पावती हाताने लिहिलेली, तिच्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. ते मी वाचलंच नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, सामान परत आलं. कॉम्प्रेसर जळाला होता, नवा बसवला, आणखी ६,२०० द्या, नाहीतर फ्रिज परत नेतो. घरात मूर्ती आणायची तयारी, दारात टेम्पो. दिले. आठच दिवसांत फ्रिज थंड करेनासा झाला. कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकला बोलावलं, त्याने मागचं झाकण काढून दाखवलं: कॉम्प्रेसर दुसऱ्याच कंपनीचा, जुना, वरून काळा रंग दिलेला. आमचा मूळचा कुठे गेला, देव जाणे. एकूण ११,२०० रुपये गेले आणि तो नंबर तेव्हापासून बंद आहे.

गरजेच्या वेळी जाहिरात करणं मुळात वाईट नाही. मे महिन्यात कूलरवाला येतो, पुरानंतर मोठ्या कंपन्या खरोखरच सर्विस कॅम्प लावतात. फसवणारा याच गर्दीत मिसळतो, त्यामुळे ओळखू येत नाही. खरा माणूस आधी वस्तू बघतो, खर्चाचा आकडा लिहून देतो आणि विचार करायला वेळ देतो. 'फक्त आज' ही घाई मुद्दाम लावलेली असते. ग्राहकाला अशी खोटी घाई लावणं केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑनलाइन व्यवहारांसाठी बंद केलेल्या १३ फसव्या पद्धतींपैकी एक आहे, हे मला नंतर कळलं.

आणि ज्या भीतीपायी मी हे केलं, तीसुद्धा अर्धीच खरी होती. डॉक्टर म्हणाले, वापरात असलेली कुपी उन्हापासून लांब, खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेल्या तेवढ्या थंड ठेवायच्या. एक फोन त्यांना आधी केला असता तर दोन दिवस थांबता आलं असतं. हे मला अजून टोचतं.

मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, नऊ दिवस उशिरा फोन केला. पैसे गेल्या गेल्या तिथे कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. बिल आणि दुकानाचं नाव असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला. सोबत यूपीआयच्या नोंदी, मेसेजचा फोटो आणि मेकॅनिकचं लेखी मत जोडलं.

समा, फतेगंज, कारेलीबाग, त्या आठवड्यात तुमच्याही दारात असा टेम्पो आला असेल तर पावती फेकू नका. आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. तेच यूपीआय खातं चार अर्जांमध्ये दिसलं तर पोलिसांना शोधायला धागा मिळेल, आतापर्यंत माझा एकटीचाच अर्ज आहे.