सरडगुहिऱ्याची एक रात्र आणि बचाव केंद्राची मदत

रस्त्यात जखमी अवस्थेत सापडलेला सरडगुहिरा, म्हणजेच शॅमेलिऑन, एक रात्र सांभाळण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या भागातील वन्यजीव बचाव केंद्राने दूरध्वनीवरून केलेले मार्गदर्शन मला अत्यंत मोलाचे वाटले. हा प्राणी वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून खोक्यात पानांची फांदी ठेवून तिच्यावर हलका फवारा मारावा आणि त्याला उगाच हाताळू नये, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्याचा गडद पडलेला रंग भीतीचाही असू शकतो, हे मला तेव्हाच कळले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो घरी पाळता येत नाही, ही जाणीवही त्यांनी सौम्यपणे करून दिली. कार्यकर्ते मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. जखमी जिवासाठी हा विलंब फार आहे.